आजोबांच्या वसियतनाम्यावर कोर्टाचा शिक्का: इंग्रजी अमलातलं प्रोबेट नेमकं काय सिद्ध करत होतं?

मुंबई, ठाणे, कुलाबा (आताचा रायगड) आणि रत्नागिरीकडच्या जुन्या मुस्लिम घरांत पेटीच्या तळाशी एखादा जाड इंग्रजी कागद जपून ठेवलेला सापडतो. वर कोर्टाचा शिक्का, खाली सही आणि मागे टाचलेली मरहूम पणजोबांची वसियत. घरात त्याला ‘हायकोर्टाचा कागद’ म्हणतात. एरवी त्याची आठवण कुणाला नसते. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली किंवा गावच्या जागेला गिऱ्हाईक आलं की तो बाहेर निघतो. मग कुणीतरी म्हणतं, “कोर्टानंच मोठ्या अब्बांच्या नावावर करून दिलंय, आता हिस्सा कसला मागता?” फुफीची मुलं गप्प बसतात, कारण कागद इंग्रजीत असतो आणि शिक्का खरा असतो.

हा कागद बहुतेक वेळा प्रोबेट असतो. प्रोबेटने मालमत्ता कुणाच्या नावावर होत नसे. वसियत खरी आहे आणि ती अमलात आणायचा अधिकार अमुक माणसाला आहे, एवढंच ते सांगत असे. घरातला अर्धा गैरसमज इथूनच सुरू होतो, म्हणून हा कागद कसा तयार व्हायचा ते आधी पाहू.

शरियतची वसियत आणि कोर्टाची वसियत

इस्लाममध्ये वसियतीला फार कमी सोपस्कार लागतात. ती तोंडी चालते, लिहिलेली चालते, आणि लिहिली तर सही किंवा साक्षीदार नसल्यामुळे बाद होत नाही. कुरआनात सूरह बकराच्या १८० व्या आयतीत वसियतीचा उल्लेख आहे. सूरह माइदाच्या १०६ व्या आयतीत मृत्यू समोर दिसत असताना वसियतीला दोन साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. इंग्रजी अमलातल्या कोर्टांनीही हे मान्य केलं होतं. १८९८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेल्या अलाहाबादकडच्या एका प्रकरणात, एका मुसलमान गृहस्थाने मरणापूर्वी लिहिलेलं साधं पत्र वसियत म्हणून धरलं गेलं. त्यात मालमत्तेचं काय करायचं ते सांगितलं होतं, तेवढं पुरेसं ठरलं.

सोपस्कार कमी असले तरी मर्यादा कडक आहेत. कफन-दफनचा खर्च आणि कर्ज फेडून जे उरेल त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वसियत करता येते. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना त्यांना बरीच मालमत्ता दान द्यायची होती, तेव्हा नबी (स.) यांनी एक तृतीयांशापर्यंत परवानगी दिली आणि तेही पुष्कळ असल्याचं सांगितलं, ही हदीस बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरी मर्यादा वारसांची. सुन्नी फिकहमध्ये, हनफी असो वा कोकणातला शाफई, जो आधीच वारस आहे त्याच्यासाठी केलेली वसियत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, आणि ही संमती मृत्यूनंतरची असावी लागते. शिया फिकहमध्ये एक तृतीयांशाच्या आत वारसालाही देता येतं.

देणं असलेलं मेहेर हे कर्ज आहे. ते वसियतीच्याही आधी येतं. जुन्या कागदांत हे वारंवार विसरलेलं दिसतं.

प्रोबेट आलं कुठून

मुंबईत १७९८ ला रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ ला सुप्रीम कोर्ट आणि १८६२ ला हायकोर्ट आलं. मृत्युपत्रांचं काम या तिन्ही कोर्टांकडे होतं, आणि मुंबई बेटावरची मुसलमान व्यापारी घराणी त्याचा वापर करत. १८६५ चा इंडियन सक्सेशन अ‍ॅक्ट मुसलमानांना आणि हिंदूंना लागू नव्हता. मुसलमानांसाठी रीतसर चौकट आली ती १८८१ च्या प्रोबेट अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अ‍ॅक्टने. पुढे १९२५ च्या इंडियन सक्सेशन अ‍ॅक्टमध्ये हे सगळे कायदे एकत्र झाले. तुमच्या घरातला कागद १८८१ ते १९२५ मधला असेल तर त्यावर बहुधा ‘१८८१ चा पाचवा कायदा’ असा उल्लेख असेल.

या सगळ्या काळात मुसलमानाच्या वसियतीला प्रोबेटची सक्ती नव्हती. वसियत पुराव्याने शाबीत केली की ती प्रोबेटशिवायही कोर्टात वाचली जात असे. १९२५ च्या कायद्यात मुंबईतल्या हिंदूंना आणि इतर काहींना प्रोबेट घेतल्याशिवाय मृत्युपत्रावरचा हक्क सांगता येत नसे, पण त्या कलमातून मुसलमानांची मृत्युपत्रं स्पष्टपणे वगळलेली होती.

मग आपल्या लोकांनी एवढा खर्च का केला? कारण अडचण घराच्या भिंतींत नव्हती, ती येण्यात होती. मरहूमची रक्कम कुणाकडे उसनी असेल तर ती वसूल करायला वारसाला कोर्टाकडून हुकूमनामा हवा असे, आणि त्यासाठी प्रोबेट, लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किंवा १८८९ च्या कायद्याखालचं सक्सेशन सर्टिफिकेट यांपैकी काहीतरी दाखवावं लागे. बँक आणि कंपन्यांच्या शेअर्सचीही तीच गोष्ट. ज्याचा धंदा उधारीवर चालायचा त्याच्या मुलांना प्रोबेटशिवाय चालणं कठीण होतं. शेतकरी घरांत मात्र असा कागद क्वचितच मिळेल.

खर्चही कमी नव्हता. १८७० च्या कोर्ट फी कायद्यात १००० रुपयांपर्यंतच्या मालमत्तेला प्रोबेटची फी माफ होती, त्यापुढे किमतीच्या २ टक्के. म्हणजे ५०,००० च्या मालमत्तेला १००० रुपये, आणि ते त्या काळचे. सॉलिसिटर वेगळा. त्यामुळे जुन्या प्रोबेटमधला किमतीचा आकडा बाजारभाव समजू नये. फी किमतीवर असली की माणसं किंमत हात राखूनच सांगतात.

कोर्टात ते कसं शाबीत व्हायचं

वसियतीत नेमलेला एक्झिक्युटर, म्हणजे आपल्या भाषेत वसी, अर्ज करी. मरहूम कधी वारला, जोडलेला कागद त्याची शेवटची वसियत आहे, ती रीतसर झाली आहे, अर्जदार हाच नेमलेला वसी आहे आणि अंदाजे किती मालमत्ता हाती येईल, एवढ्या गोष्टी अर्जात असाव्या लागत. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट मिळत नसे.

वसियत इंग्रजीत नसेल तर तिचं भाषांतर जोडावं लागे. कोर्टात त्या भाषेचा दुभाष्या असेल तर तो भाषांतर करी. नसेल तर ती भाषा जाणणारा कुणीही करू शकत असे, पण मूळ भाषा आपल्याला चांगली समजते आणि भाषांतर खरं आहे, असं त्याला लिहून द्यावं लागे. मूळ वसियत कोर्टाच्या दप्तरात राही आणि घरी येई ती शिक्क्याखालची नक्कल. म्हणून आज पेटीत बऱ्याचदा फक्त इंग्रजी असतं, आणि पणजोबांनी लिहिलेले शब्द कोर्टात पडून असतात.

ओळखीची मंडळी जुने उर्दू कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात, त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते: इंग्रजीवर थांबू नका. ‘औलाद’ या शब्दात मुलगे आणि मुली दोन्ही येतात, पण इंग्रजीत जाताना त्याचं ‘मुलगे’ होऊ शकतं. ‘बख्श दिया’ असं लिहिलं असेल तर ती वसियत आहे की जिवंतपणीच केलेला हिबा, हे पाहावं लागतं. दोघांचे नियम वेगळे आहेत. हिब्याला ताबा द्यावा लागतो आणि एक तृतीयांशाची मर्यादा नसते. पण तोच हिबा मरज-उल-मौतमध्ये, म्हणजे ज्या आजारात माणूस गेला त्या आजारात केला असेल, तर तो वसियतीसारखाच एक तृतीयांशात अडकतो. एका क्रियापदावर घर कुणाचं हे ठरू शकतं.

अर्जासोबत साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लागे. वसियतीवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांच्यापैकी किमान एकजण, मिळण्यासारखा असेल तर, ‘माझ्यासमोर सही झाली’ असं सांगे. मुसलमानाच्या वसियतीला साक्षीदाराची सही कायद्याने आवश्यक नव्हती, म्हणून असा साक्षीदार नसला की लिहिणारा मुन्शी, हस्ताक्षर ओळखणारा दुकानाचा भागीदार किंवा आजारात सोबत असलेला नातलग पुढे येई. पडदानशीन बाईला कोर्टात उभं करत नसत. तिची साक्ष घ्यायला कमिशनर घरी जाई. आणि वसियत स्वतः पडदानशीन बाईने केलेली असेल तर कागद तिला वाचून दाखवला होता, तो तिला कळला होता, हे शाबीत करायचं ओझं कागद पुढे करणाऱ्यावर असे. हा नियम मला त्या काळातला सर्वांत न्यायाचा वाटतो. आज मुलीकडून ‘हक्कसोड’ वर सही घेताना एवढी काळजी कोण घेतं?

तोंडी वसियत कोर्टात चालायची, पण तिचं शाबीत करणं अवघड. कोणत्या जागी, कोणत्या वेळी, कुणासमोर, नेमके कोणते शब्द बोलले, याचा काटेकोर पुरावा मागितला जाई. “अब्बा मरताना म्हणाले होते” एवढ्यावर भागत नसे.

मग कोर्ट जाहीर नोटीस काढी. ती कोर्टाच्या इमारतीत आणि कलेक्टर कचेरीत लावली जाई, ज्याला हरकत असेल त्याने यावं म्हणून. हरकत घेणारा कॅव्हेट दाखल करी. कॅव्हेट आलं की तो साधा अर्ज राहत नसे. त्याचा दावा होई, अर्जदार वादी आणि हरकतवाला प्रतिवादी. दोन गोष्टींवर जास्त झगडा होई: मरहूम शुद्धीवर होता का, आणि ज्याला फायदा मिळतो त्यानेच वसियत लिहून घेतली का. दुसऱ्या बाबतीत १८३८ पासून प्रिव्ही कौन्सिलचा नियम होता की फायदा घेणाऱ्यानेच कागद तयार केला असेल तर संशय दूर करायची जबाबदारी त्याची. हिंदुस्थानातली कोर्टं हाच नियम लावत.

प्रोबेट मिळाल्यावर वसीला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागे. अनेक कुटुंबांकडे प्रोबेट असतं, पण या दोन कागदांचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं. वास्तविक शोधायचे ते हेच. यादीत कोणती जागा होती, कोणती नव्हती, देण्यांत आजीचं मेहेर धरलं होतं का, हे तिथे दिसतं.

कोर्टाने जे ठरवलंच नाही

प्रोबेट कोर्ट एवढंच पाही: कागद खरा का, माणूस शुद्धीवर होता का, वसी कोण. ते घर मरहूमच्या मालकीचं होतं का, हे ते ठरवत नसे. वसियत शरियतच्या मर्यादेत आहे का, हेही ते ठरवत नसे. वसियतीत ‘सगळं थोरल्या मुलाला’ असं लिहिलेलं असलं तरी प्रोबेट मिळायचं, कारण कागद खरा होता. पण खरा कागद म्हणजे चालणारी वसियत नव्हे.

समजा १९०५ ला एक सुन्नी गृहस्थ वारले. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. मालमत्ता १२,००० रुपये. दफनखर्च आणि कर्ज १५००, मेहेर १५००. उरले ९०००. वसियतीत पुतण्याला ३००० दिले असतील तर ते बरोबर एक तृतीयांश होतात, म्हणून चालतील. बाकी ६००० मध्ये बायकोला आठवा हिस्सा ७५०, आणि ५२५० चे पाच वाटे करून मुलांना प्रत्येकी २१००, मुलीला १०५०. आता समजा पुतण्याऐवजी ‘सगळं थोरल्याला’ असं लिहिलं आहे आणि बाकीच्यांनी संमती दिलेली नाही. मग वसियत बाजूला राहते आणि पूर्ण ९००० चे हिस्से पडतात: बायकोला ११२५, मुलांना प्रत्येकी ३१५०, मुलीला १५७५. प्रोबेटचा शिक्का या आकड्यांना हात लावू शकत नव्हता.

वसी म्हणून सगळी मालमत्ता थोरल्याच्या हाती येई, हे खरं. पण कोणत्या नात्याने? मुंबईचे कायदेपंडित सर दिनशा मुल्ला यांच्या मुस्लिम कायद्यावरच्या ग्रंथात हे साफ मांडलेलं आहे: वसियतीच्या एक तृतीयांशापुरता वसी हा काम करणारा विश्वस्त, आणि उरलेल्या दोन तृतीयांशापुरता तो वारसांचा नुसता राखणदार. पुढे सिटी सर्व्हेत किंवा नगरपालिकेच्या बिलावर त्याचं एकट्याचं नाव चढलं, भाडं तोच घेऊ लागला, दोन पिढ्या गेल्या आणि राखणदाराचा मालक झाला. बहुतेक घरांत एवढंच घडलेलं असतं.

जुन्या वसियतींत एक चांगली गोष्टही दिसते. बापाआधी मुलगा वारला तर त्याची मुलं, काका हयात असल्यास, वारस ठरत नाहीत. समजूतदार आजोबा अशा यतीम नातवांना एक तृतीयांशातून देऊन जात. नातू वारस नसल्यामुळे अशा वसियतीला कुणाच्या संमतीची गरज नसते. तुमच्या कागदात अशा नातवाचं नाव असेल तर ती ओळ नीट वाचा.

खोजा, कच्छी मेमन आणि मुंबईबाहेरचे

वरचा हिशेब सगळ्यांना लागू नव्हता. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन मुलींनी कुरआनने दिलेला हिस्सा मागितला. कोर्टाने जमातीचा रिवाज मानला आणि मुली हरल्या. त्या निकालापासून खोजा आणि कच्छी मेमन यांच्या वारशाला हिंदू कायद्यासारखा रिवाज लागू होऊ लागला आणि त्यांना संपूर्ण मालमत्तेची वसियत करता येते, असं कोर्टांनी धरलं. १९२० च्या कायद्याने कच्छी मेमनांना जाहीरनामा देऊन शरियत स्वीकारायची मुभा मिळाली आणि १९३८ च्या कायद्याने वारशाच्या बाबतीत सगळे कच्छी मेमन शरियतखाली आले. १९३७ च्या शरियत अ‍ॅक्टने वारसा शरियतवर आणला, पण वसियत मात्र जाहीरनामा देणाऱ्यापुरतीच. त्यामुळे कच्छी मेमन घरातला १९१० चा कागद आणि १९४० चा कागद एकाच मापाने वाचता येत नाहीत.

मुंबई बेटाबाहेर, इलाख्यातल्या जिल्ह्यांत आणखी एक वाट होती: १८२७ चं आठवं रेग्युलेशन. वारस किंवा वसी जिल्हा कोर्टात अर्ज करी, हरकतीसाठी जाहीरनामा निघे आणि मग दाखला मिळे. महाराष्ट्रात वारस दाखला आजही याच रेग्युलेशनखाली दिला जातो. रत्नागिरी-कुलाब्याकडच्या घरात ‘प्रोबेट’ म्हणून दाखवला जाणारा कागद पुष्कळदा हाच दाखला निघतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथले कागद उर्दूत आणि कोर्टं वेगळी.

गोव्याची गोष्ट निराळीच. पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा तिथल्या मुसलमानांनाही लागू झाला. त्यात अर्ध्या मालमत्तेवर मुलांचा राखीव हक्क, वसियत नोटरीपुढे आणि वाटणी कोर्टाच्या ‘इन्व्हेंटरी’ प्रकरणात. प्रोबेट हा प्रकारच नाही. सावंतवाडीला माहेर आणि गोव्यात सासर असलेल्या कुटुंबांत दोन्ही तऱ्हांचे कागद एकाच पेटीत सापडू शकतात.

कागद हाती असेल तर

पहिल्यांदा वरचा मथळा वाचा. हायकोर्टाच्या कागदावर ‘टेस्टामेंटरी अँड इंटेस्टेट ज्युरिस्डिक्शन’ आणि पिटिशनचा नंबर व साल असतं. त्या नंबरावर प्रोथोनोटरीच्या कचेरीतल्या टेस्टामेंटरी विभागात, जिल्हा कोर्टाचा कागद असेल तर तिथल्या रेकॉर्ड विभागात, प्रमाणित नकलेचा अर्ज करता येतो. अर्जात मूळ भाषेतली वसियत, मालमत्तेची यादी आणि हिशेब हे तिन्ही मागा. नंबर नसेल तर नावाने शोधावं लागेल. तेव्हा आडनावावर अडून राहू नका, पहिल्या नावाखाली आणि बापाच्या नावाखालीही पाहा. इंग्रज कारकुनाने ‘शेख’ आणि ‘इब्राहीम’ किती तऱ्हांनी लिहिलं असेल याला मोजमाप नाही. हिजरी तारीख इंग्रजी तारखेशी एका दिवसाने जुळत नसेल तर लगेच कागद खोटा म्हणू नका, हिजरी दिवस मगरिबला बदलतो. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणारा शोधा, कोकणातल्या मुस्लिम घरांतले व्यवहारही मोडीत होत.

घरातच मूळ वसियत असेल आणि प्रोबेट घेतलेलं नसेल, तरी ती टाकाऊ नाही. साक्षीदार सगळे गेले असले तरी ३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर तो खरा मानायची मुभा कोर्टाला पुराव्याच्या कायद्याने होती, आणि आजच्या नव्या साक्ष अधिनियमातही ती आहे. मात्र ही सवलत मूळ कागदाला मिळते, नकलेला नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९३५ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणून मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यावर पेनने काही लिहू नका आणि तो कुणाच्या घरी, कुणाच्या हातून आला ते वेगळ्या वहीत लिहून ठेवा. इतक्या वर्षांनी हिस्सा मागता येईल का, हा मुदतीचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ताबा कुणाचा होता आणि हक्क कधी उघडपणे नाकारला गेला यावर अवलंबून असतं. वकिलाकडे जाताना सोबत फक्त प्रोबेट नेऊ नका, हयात आणि मरहूम सगळ्या वारसांचा शजरा न्या, आणि त्यात मुलींची नावं आधी भरा.